प्रथिनांच्या टक्क्यावरून माशांचे खाद्य ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मत्स्यखाद्याविषयी जो सल्ला छापून येतो, त्यात एकच आकडा ठळक असतो : प्रथिने किती टक्के. टक्का जास्त ते खाद्य चांगले, असा नवख्या मत्स्यशेतकऱ्याचा समज होतो आणि तो अर्धा किलोच्या रोहूलाही बोटुकलीचे (बोटाएवढ्या पिल्लाचे) खाद्य घालत राहतो. मी रोहू, कटला आणि मृगळ एकत्र वाढवते. या धंद्यात निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावरच होतो, म्हणून हा समज खोडून काढणे मला फार गरजेचे वाटते.

मत्स्यजिऱ्यांना, म्हणजे अगदी लहान पिल्लांना, ३५ ते ४० टक्के प्रथिने लागतात, हे खरेच. पण मासा मोठा झाला की रोहू, कटला, मृगळ अशा कार्प जातींना २५ ते ३० टक्के पुरतात. तळ्यात प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) चांगले असेल, तर त्याहून कमीतही भागते. जास्तीच्या प्रथिनांचे मांस होत नाही. मासा ती ऊर्जेसाठी जाळतो आणि त्यातला नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. महागडे खाद्य विकत घ्यायचे आणि त्यानेच पाणी बिघडवायचे, असा हा व्यवहार आहे.

शिवाय ही प्रथिने कशातून आली, ते टक्क्यावरून कळत नाही. शेंगदाणा पेंडीत लायसिन आणि मेथिओनिन ही प्रथिनांतली दोन्ही आवश्यक अमिनो आम्ले कमी. सोयाबीन पेंडीत लायसिन भरपूर, मेथिओनिन तोकडे. म्हणून एकाच पेंडीवर मासे वाढवू नयेत. शेंगदाणा पेंड दमट जागी राहिली की बुरशी धरते, तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. कुबट वास येणारी पेंड मी कितीही स्वस्त मिळाली तरी घेत नाही.

खरी काळजी मात्रेची घ्यावी. दर पंधरवड्याला जाळे ओढून थोडे मासे तोलायचे, सरासरी काढायची आणि त्यावर खाद्य ठरवायचे. समजा, तळ्यात १००० मासे आहेत, सरासरी २०० ग्रॅमचे. एकूण वजन २०० किलो. या वजनाच्या ३ टक्क्यांनी रोजचे ६ किलो खाद्य झाले. तेच मासे ५०० ग्रॅमचे झाले की २ टक्के पुरे, म्हणजे १० किलो. टक्का उतरतो, पण खाद्य वाढते. न तोलता अंदाजाने टाकणारा इथेच चुकतो : आधी जास्त टाकतो आणि पुढे माशांना उपाशी ठेवतो.

हा हिशेबही रोज जसाच्या तसा लागू पडत नाही. पाणी २० अंशांखाली गेले की कार्प मासे खाणे आवरतात. आभाळ भरून आले असेल, किंवा पहाटे मासे वर येऊन हवा घेत असतील, तर त्या दिवशी हात आखडताच घ्यावा. मृगळ तळाशी खाणारा, म्हणून सगळेच खाद्य तरंगते देऊ नये. थोडे बुडते खाद्य ट्रेमध्ये ठेवून तो ट्रे दोन तासांनी वर ओढून पाहावा. त्यात उरलेले खाद्य दिसले, तर पुढच्या वेळी तेवढे कमी करावे.

यापुढे खाद्याचा सल्ला छापताना प्रथिनांच्या टक्क्याशेजारी माशाची जात, सरासरी वजन आणि पाण्याचे तापमानही द्यावे, ही विनंती.

आपली,
एक मत्स्यशेतकरी वाचक