अडकलेले लेख शोधून देणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणता आणि विषय नळाच्या पाण्यावर नेता. म्हणून हे उघड पत्र. शिवाय ऑर्ग मोड (साध्या टेक्स्ट फाइलमध्ये कामं आणि नोंदी ठेवायची सोय) वापरणारी मराठी माणसं थोडी का होईना आहेत, त्यांच्याही हे कामी यावं.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि मुद्रितं तपासते. काका फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले, आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. श्रावण लागला की माझ्याकडे दिवाळी अंकांचं काम सुरू होतं. लेखक पुण्या-नागपुरात, चित्रकार मुंबईत, छापखाना तिसरीकडेच, आणि कोणाचं काय कुठे आलंय हे लक्षात ठेवायचं मी.

हे सगळं मी ईमॅक्स नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये, ऑर्ग मोड लावून, एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवते. एका तारकेची ओळ म्हणजे अंक, दोन तारकांची म्हणजे लेख, तीन तारकांची म्हणजे त्या लेखाचं एकेक काम: पहिलं मुद्रित, लेखकाची मंजुरी, चित्र, मानधनाचं पत्र. कामापुढे ‘टूडू’, ‘वेटिंग’ नाहीतर ‘डन’. इथवर मला येत होतं. आठवड्याचा अजेंडा, म्हणजे त्या आठवड्यातल्या कामांची यादी, तोही काढता येत होता. पण तो तारखेवर चालतो. ज्या कामाला तारीख नाही ते त्यात येतच नाही. आणि सगळी उघडी कामं एकदम मागवली तर यादी इतकी लांब येते की वाचायचा धीर होत नाही. ‘चित्राचं विचारायचं’ असल्या कामाला कोण तारीख घालतं? अंक रखडतो तो नेमका अशाच कामांपायी.

तुम्ही आधी लॅपटॉप मिटायला लावलात. पाठकोरा कागद पुढे सरकवलात आणि म्हणालात, काय शोधायचंय ते मराठीत लिही. मी लिहिलं: कोणत्या कामाला तारीख नाही? कोणतं काम दुसऱ्याकडे थांबलंय? कोणत्या लेखाचं पुढचं काम कुठेच लिहिलेलं नाही? तुम्ही पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाखाली रेघ ओढलीत. साधा शोध जे लिहिलंय ते सापडवतो, या दोन प्रश्नांना जे लिहिलेलं नाही ते हवंय, म्हणून इथे थोडं लिस्प, म्हणजे ईमॅक्सची प्रोग्रामिंगची भाषा, लागणार. मग लॅपटॉप उघडला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘ऑर्ग-अजेंडा-स्किप-फंक्शन’ या सेटिंगमध्ये निघालं. तिथे दिलेलं फंक्शन सापडलेल्या प्रत्येक कामावर चालतं. त्यानं ‘निल’, म्हणजे काहीच नाही, परत दिलं तर काम यादीत राहतं. फाइलमधली एखादी जागा परत दिली तर ते काम गळतं आणि शोध त्या जागेपासून पुढे जातो. मी विचारलं, सरळ हो किंवा नाही का नाही म्हणत? तर म्हणे, जागा सांगितली की नुसती ती ओळ गाळायची की तिच्या पोटातली सगळी शाखा ओलांडायची, हेही त्यातच ठरतं. फंक्शन स्वतः लिहावंही लागलं नाही. ‘ऑर्ग-अजेंडा-स्किप-एंट्री-इफ’ तयार असतं, त्याला ‘शेड्यूल्ड’ आणि ‘डेडलाइन’ एवढंच सांगितलं की तारखेची कामं गळतात आणि बिनतारखेची उरतात. त्याचंच ‘सबट्री’वालं भावंड आहे, ते अख्खी शाखा गाळतं. दोन्हींतला फरक तुम्ही माझ्याच फाइलवर चालवून दाखवलात, म्हणून तो डोक्यात राहिला.

दुसरा प्रश्न सोपा. ‘वेटिंग’ची कामं, टॅगवार. अंकाच्या ओळीला लावलेला टॅग खालच्या लेखांना आणि कामांना आपोआप लागतो, त्यामुळे एकाच अंकाची थांबलेली कामं मागवायला वेगळं काही करावं लागत नाही.

तिसरा मात्र माझा लाडका. ऑर्ग मोडमध्ये अडकलेले प्रकल्प शोधायची सोय मुळातच आहे, ‘ऑर्ग-स्टक-प्रोजेक्ट्स’ नावाची, आणि मला तिचा पत्ता नव्हता! तिला चार गोष्टी सांगायच्या: प्रकल्प कशाला म्हणायचं, खाली कोणता शब्द दिसला की तो अडकलेला नाही, कोणता टॅग दिसला की नाही, आणि कोणता मजकूर दिसला की नाही. मुळात ती दुसऱ्या पातळीच्या, ‘डन’ नसलेल्या ओळींना प्रकल्प धरते. माझे लेख नेमके त्याच पातळीवर. तुम्ही शब्दांच्या यादीत ‘वेटिंग’ तेवढं घातलंत, नाहीतर चित्रकाराकडे थांबलेला प्रत्येक लेख अडकलेला म्हणून वर आला असता.

तिन्ही शोध ‘ऑर्ग-अजेंडा-कस्टम-कमांड्स’ या, आपले शोध कळीवर बसवायच्या सेटिंगमध्ये एकाच अक्षरावर बसवलेत. ते दाबलं आणि एक प्रवासलेख वर आला. मुद्रित तपासून झालेलं, चित्र आलेलं, पुढे काहीच नाही. संपादकांना वाटत होतं तो माझ्याकडे आहे, मला वाटत होतं पानं लावायला गेला. त्या एका लेखासाठी तरी तुमचे पाय धरायला हवेत.

चहा पिताना तुम्ही सांगितलंत की ऑर्ग मोड २००३ मध्ये कार्स्टेन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं स्वतःची कामं आणि नोंदी आवरायला लिहायला घेतला. हे सांगताना तुमच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, त्यावरून वाटलं तुम्हीच लिहिलाय. फिजिक्सवाल्यांचं हे असंच.

आता एक मागणं. आठवड्याहून जास्त दिवस थांबलेलीच कामं मला वेगळी हवी आहेत. ‘वेटिंग’च्या व्याख्येत खूण घातली की अवस्था बदलल्याची तारीख नोंदली जाते, तेवढं मी मॅन्युअल वाचून केलं. ती तारीख शोधात कशी आणायची ते अडलंय. बहुधा या वेळी स्किप-फंक्शन स्वतः लिहावं लागेल. प्रश्न मराठीत लिहून ठेवलाय. रविवारी संध्याकाळी येते. काकूंना सांगा, सेव-उसळ मी आणते, काही करत बसू नका.

आपली,
दांडिया बाजारातली मुद्रितवाली