लॅपटॉपचा माइक बिघडलेला नसतो

संपादक महोदय, स.न.वि.वि.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणकप्रणाली) टाकून वापरणारे विद्यार्थी कोल्हापुरातही आहेत. हेडसेट लावला की ऐकू येते, पण बोललेले समोर जात नाही, ही त्यांची नेहमीची अडचण. ‘सॉकेट बदला’ किंवा ‘विंडोज टाका’ असा सल्ला मिळतो. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते.

आधी तोच हेडसेट मोबाइलला लावून बोलून पाहावे. मग पिन पाहावी. तिच्यावर धातूचे भाग वेगळे करणाऱ्या तीन पट्ट्या असतील तर माइकची सोय आहे. दोनच असतील तर तो नुसता हेडफोन. संगणकाचा जुना गुलाबी पिनचा माइक लॅपटॉपच्या हेडफोन आणि माइक दोन्हींसाठी असलेल्या एकत्र जॅकमध्ये चालत नाही, कारण त्याचा आवाज पिनेच्या टोकावर येतो आणि इथे टोक डाव्या कानाचे असते. त्यासाठी तीन पट्ट्यांची पिन आणि पुढे हेडफोन-माइकची दोन वेगळी सॉकेट असलेला स्प्लिटर लागतो. दोन हेडफोन लावायचा स्प्लिटरही तसाच दिसतो, म्हणून माइकचे चिन्ह पाहूनच घ्यावा. काही जुन्या मोबाइलच्या हेडसेटमध्ये माइक आणि ग्राउंडच्या (परतीच्या तारेच्या) जागांची अदलाबदल असते. तो लावला की आवाज पोकळ येतो, हेडसेटवरचे बटण दाबून धरले की नीट येतो. तिथे दोष लॅपटॉपचा नाही.

हे सगळे ठीक असूनही माइक दिसत नसेल, तर खरे कारण बहुधा बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये असते. साउंड चिपच्या कोणत्या टोकाला काय जोडले आहे, याची नोंद लॅपटॉपची कंपनी तिथे करते. कित्येक मॉडेलांत हेडसेट माइकच्या टोकापुढे ‘जोडणी नाही’ असेच लिहिलेले असते. विंडोजचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) ही उणीव परस्पर भरून काढतो. लिनक्सच्या कर्नलमध्येही (प्रणालीच्या गाभ्यातही) अशा दुरुस्त्यांची मॉडेलवार यादी आहे. तुमचे मॉडेल त्यात नसेल तर माइक लपलेलाच राहतो. म्हणून पहिला उपाय नवे कर्नल.

तेवढ्याने झाले नाही तर ‘एचडीए जॅक रीटास्क’ हा टोकांची नोंद बदलणारा प्रोग्रॅम घ्यावा. त्यात न जोडलेली टोकेही दाखवायला सांगावे. रिअलटेक कंपनीच्या साउंड चिपवर माइक बहुधा १९ किंवा १ए (प्रोग्रॅममध्ये 0x19 किंवा 0x1a) क्रमांकाच्या टोकावर सापडतो. त्याला हेडसेट माइक ठरवावे आणि जॅक ओळखण्याची सोय ‘नाही’ ठेवावी. हे विसरले की माइक कायम ‘काढलेला’ दिसतो, कारण त्या टोकाला स्वतःचा वेगळा जॅकच नसतो. बदल आधी तात्पुरता लावून बोलून पाहावा, जमले तरच कायमचा करावा. ‘उपकरण व्यस्त’ असा संदेश आला तर आवाज वापरणारे प्रोग्रॅम, पल्सऑडिओ किंवा पाइपवायर या लिनक्सच्या आवाज हाताळणाऱ्या सेवासुद्धा, थांबवावे लागतात.

दुसरा मार्ग सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून ध्वनी ड्रायव्हरला ‘डेल-हेडसेट-मल्टी’ हे मॉडेल सांगण्याचा. नाव डेलचे असले तरी इतर कंपन्यांच्या रिअलटेक चिपवरही ते कधी कधी लागू पडते. मात्र काही नव्या इंटेल लॅपटॉपवर ध्वनीचे काम ‘सॉफ’ नावाचा वेगळा ड्रायव्हर करतो. तिथे जुन्या ड्रायव्हरसाठी लिहिलेली ओळ निष्फळ ठरते. शेवटी अल्सामिक्सरमध्ये (आवाजाची पातळी ठरवण्याच्या प्रोग्रॅममध्ये) माइक बूस्ट, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याची सोय, एकच पायरी ठेवावे, जास्त केले की खरखर वाढते.

दुरुस्ती करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. उपाय सापडला की ‘अल्सा-इन्फो’ या ध्वनी यंत्रणेची माहिती गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमचा अहवाल आणि बदललेल्या टोकाचा क्रमांक कर्नलच्या ध्वनी विभागाकडे पाठवावा. ते मॉडेल यादीत आले की तोच लॅपटॉप असलेल्या पुढच्या माणसाला यातले काहीच करावे लागणार नाही.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर