वैरणीचा हिशेब

सातारा

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या पावसाळ्यात वाचलेल्या कादंबऱ्यांपैकी विकत घेऊन ठेवण्याजोग्या कोणत्या आणि ग्रंथालयात मुकाट्याने परत करण्याजोग्या कोणत्या, असे तू विचारले आहेस. एका ओळीत उत्तर देता आले असते तर फोनच केला असता. या खेपेस इतिहासातल्या आणि आजच्या काळातल्या कादंबऱ्या मी आलटून पालटून वाचल्या आणि त्यापायी माझी आवड पूर्वीपेक्षा बरीच एककल्ली झाली आहे. कादंबरी पेशवाईतली असो की परवाची, तिच्यातल्या माणसांच्या पोटात काय जाते आणि जनावरांपुढे वैरण कुठून येऊन पडते, हे लेखकाला ठाऊक असेल तरच त्याचे बाकीचे सांगणे माझ्या गळी उतरते.

‘स्वामी’ तुझी लाडकी, म्हणून आधी तिच्याविषयी. १९६२ सालची ही कादंबरी इतक्या वर्षांनी पुन्हा हाती घेतली. राघोबादादा आणि माधवराव समोरासमोर येतात तेव्हा ती अजूनही पकड घेते, हे मान्य. परंतु रणजित देसाईंचा जीव स्वारीच्या वाटेपेक्षा वाड्यातल्या दालनांत अधिक रमतो. पानिपतानंतरचे कर्ज हा माधवरावांच्या कारकिर्दीतला खरा घोर होता. १७७२ साली थेऊरला वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू समोर दिसत असतानाही, ते फिटावे ही त्यांची चिंता सुटली नव्हती. कादंबरी वाचून मनात राहतात त्या रमाबाई आणि तो क्षयाचा खोकला. सावकार मात्र राहत नाहीत. तू रागावशील, पण मला आता ते सावकार हवे आहेत.

त्या मानाने विश्वास पाटलांची ‘पानिपत’ माझ्या कसोटीला कितीतरी अधिक उतरली. युद्धाचा शेवट प्रत्येक मराठी वाचकाला आधीच ठाऊक असतो, म्हणून उत्कंठा जिंकण्याहरण्यात राहूच शकत नाही. ती दाण्यागोट्यात राहते. दिल्लीत दिवाण-ए-खासची चांदी उतरवून तिचे रुपये पाडावे लागतात, कुंजपुऱ्याला धान्य हाती लागते म्हणून जरा हायसे वाटते, तोच अब्दाली बागपताशी यमुना उतरून दिल्लीची वाट अडवतो. पुढे नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंतचे अडीच महिने ही लढाईपेक्षा उपासमारीची गोष्ट आहे. त्यातून बरोबर यात्रेकरू, बायामाणसे आणि बिनलढाऊ बुणगे यांचा केवढा तरी लवाजमा. घोडी चाऱ्यावाचून पडू लागतात तेव्हा, ‘सदाशिवरावभाऊंनी फौजेचा गोल का मोडला’ या आपल्या कट्ट्यावरच्या सनातन वादापेक्षा वेगळाच प्रश्न पुढे येतो: एवढ्या तोंडांना घेऊन हा माणूस आणखी किती दिवस तिथे बसू शकला असता? संवाद अनेकदा चढ्या सुरात जातात आणि सगळेच सरदार एकाच तालमीत घुमल्यासारखे बोलतात, ही माझी तक्रार मात्र कायम आहे.

या पावसाळ्यातला खरा लाभ म्हणजे नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’. ही कादंबरी १९९७ सालची, म्हणजे मी तिच्यापर्यंत बऱ्याच उशिरा पोचलो. अंताजी हा सरदार नव्हे, मुत्सद्दीही नव्हे; पराक्रम गाजवण्यापेक्षा कातडी वाचवण्याकडे ज्याचा ओढा अधिक, असा एक बिलंदर माणूस आपली हकीकत स्वतःच सांगतो. बखरीची भाषा उचलून तिच्यातल्याच थाटाची टवाळी करणे हे काम दिसते तितके सोपे नाही. दोन पाने लिहिणे कोणालाही जमेल, पण अख्खी कादंबरी त्या सुरात पेलणे विरळा. खरे पेशाने स्थापत्य अभियंता होते. फौज किती चालेल, नदी कुठे उतरेल, खर्च कोण सोसेल असे प्रश्न त्यांना आपसूक पडत असावेत, असे वाचताना वाटत राहते. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या आपल्या शाळेच्या पुस्तकात चौथाईच्या एखाद्या वाक्यात उरकल्या होत्या. बंगालात मात्र बर्गी, म्हणजे आपले मराठे स्वार, आले म्हणून मुलांना निजवण्याचे गाणे आजही आहे, आणि त्या गाण्याची काळजी काय, तर पाखरांनी भात खाल्ले, आता सारा कशाने भरायचा! आपल्या घोडदळाच्या वैरणीचा हिशेब ज्यांच्या शेतातून चुकता झाला, त्यांच्या बाजूनेही पाहायला अंताजीसारखाच माणूस लागतो, कारण त्याला कोणाचाच जयजयकार करायचा नसतो. आपल्याकडच्या बहुतेक ऐतिहासिक कादंबऱ्यांचे अडते ते याच ठिकाणी: त्यांना नायक निवडताच पुतळा दिसू लागतो.

आता आजच्या काळाकडे. ‘झाडाझडती’विषयी आपले पूर्वी बोलणे झाले आहेच, धरणाखाली गेलेल्या गावाची आणि पुनर्वसनाच्या कचेऱ्यांची ती कथा अजूनही संताप आणते, म्हणून फार लिहीत नाही. तिच्या जोडीने कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाच, एवढेच आग्रहाने सांगतो. हिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विषय पुन्हा विस्थापनाचाच, पण येथे मोर्चे आणि फायली नाहीत. उठवलेल्या गावात मागे राहिलेली म्हैस परत आणायला देवाप्पा जातो, एवढेच कथानक. ती म्हैस आता रानाची झाली आहे. दावे तिला ओळखीचे राहिलेले नाही, आणि धन्यालाही ती जवळ येऊ देत नाही. इकडे सातारा-कोल्हापुरात धरणग्रस्तांच्या वसाहतींतून जाणे-येणे असणाऱ्याला ठाऊक असते, की सरकारी मोजणीत जमीन, घर आणि झाडे धरली जातात. चरायचे रान कोणाच्याच सातबाऱ्यावर नसते, त्यामुळे त्याची भरपाईही नसते. खोत हे कुठेही सांगत बसत नाहीत. ते म्हशीचे कान, तिचे फुरफुरणे आणि तिच्या मागावरचा माणूस एवढेच दाखवत राहतात, आणि कोण कोणाला हाकतो आहे हेच कळेनासे होते. मधली काही पाने मला लांबल्यासारखी वाटली. पाठलाग एकाच जागी घुमतो. पण नावच रिंगाण असल्यावर ही तक्रार किती ताणावी?

तुम्हा नागपूरकरांना ही कोल्हापूरकडची बोली प्रथम जड जाईल. पहिले प्रकरण मोठ्याने वाच, म्हणजे लय लागेल. ‘अंताजीची बखर’ माझ्याकडची पाठवतो. समासातल्या पेन्सिलीच्या खुणांकडे दुर्लक्ष कर, आणि भोसल्यांची बाजू घेऊन भांडायचे असेल तर उत्तर सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद