'बुधवारी' काय, म्हणालीस?

हॅरो
रविवार, रात्री साडेनऊ

चि. मेधास,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी फोन मी आपटला, हे कबूल. मोबाईल आपटता येत नाही, त्यामुळे तुला नुसताच कट झाल्यासारखा वाटला असेल. माझ्या बाजूनं तो आपटलेलाच होता. आईनं पाहिलं. रात्री वरण वाढताना तिनं एक शब्द काढला नाही, यावरून काय ते समज.

तुझं म्हणणं तसं चूक नव्हतं. "बाबा, ७३ वर्षांच्या माणसाला कसली ज्यूरी? सरळ कळवून टाका, इंग्लिश कळत नाही आणि ऐकू येत नाही म्हणून." इंग्लिशचं मी गिळलं. गॅरेजमधल्या आयरिश फोरमनचं इंग्लिश समजून घेतलेला माणूस आहे मी, मला कसली भीती? ऐकण्याचं मात्र झोंबलं. मला सगळं ऐकू येतं, असं मी ओरडून सांगितलं. आणि त्यानंतर तू काहीतरी बोललीस, आवाज खाली आणून. ते मला ऐकू आलं नाही. मी "बरं बरं, छान" म्हणालो आणि बंद केला.

ते नंतर. आधी ज्यूरीच्या समन्सचं सांगतो, म्हणजे कोर्टात बसून खटल्याचा निकाल द्यायला मला आलेल्या बोलावण्याचं. तू सांगूच दिलं नाहीस.

तू म्हणालीस की तुम्ही तिथले नागरिकसुद्धा नाही. अगं, लागत नाही. पासपोर्ट भारताचा असला तरी आपण कॉमनवेल्थवाले, मतदारयादीत नाव आहे, राहून चाळीस वर्षं झाली. त्यांना पाचच पुरतात. यादीतून कॉम्प्युटर नावं उचलतो, त्याला काय कळतंय कोण कुठला. पूर्वी सत्तरीनंतर सोडायचे, २०१६ च्या डिसेंबरपासून ती मर्यादा ७५ केली. म्हणजे जुना नियम असता तर मी सुटलोच होतो. पटेलकाकांना सगळ्या जन्मात एकदा बोलावणं नाही आणि मला आता, जाता जाता. ते जळतात थोडेसे.

उद्यापासून साधारण दोन आठवडे. रेनर्स लेनहून पिकॅडिली लाइनची गाडी, अ‍ॅक्टन टाऊनला बदलायचं, ऑस्टर्लीला उतरून चालत आइलवर्थचं क्राऊन कोर्ट. काल जाऊन वेळ मोजून आलो. आईनं विचारलं कुठे होतात, म्हटलं कोथिंबीर आणायला. कोथिंबीर विसरलो. न गेल्यास हजार पौंडांपर्यंत दंड आहे. पण मी काही दंडाला घाबरून चाललेलो नाही, हे तुला माहीत आहे. एकदा पुढं ढकलता येतं, वर्षाच्या आत. पण ढकलून काय करू? तोवर कान परत येणार आहेत का?

हे बघ, लिहून बसलो.

अण्णांना ज्यूरीचं भारी वेड. १९५९ साली मी सात वर्षांचा. बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदलातल्या नानावटीचा खटला चालू होता तेव्हा आपल्या चाळीत नळावरसुद्धा दुसरा विषय नव्हता. फूटपाथवर नानावटीचं म्हणून खेळण्यातलं पिस्तूल मिळायचं. मला हवं होतं, नाही मिळालं. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांनी ते मानलं नाही, प्रकरण हायकोर्टात पाठवलं आणि तिथं जन्मठेप झाली. सगळी चाळ त्या आठांबद्दल बोलायची. अण्णा सुपारी कातरत एकच विचारायचे, "तो नववा कोण असेल रे?" पुढं आपल्याकडची ज्यूरीच गेली. १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागाच ठेवली नाही. अण्णांना बोलावणं कधी आलं नाही. माझं पत्र त्यांना दाखवायला हवं होतं.

त्यांनीच मला हायकोर्टात नेलं होतं, टिळकांचे शब्द कोरलेली पाटी बघायला. मी दहाएक वर्षांचा असेन. काळे डगले घातलेले वकील बाजूनं भराभर जात होते आणि अण्णा मधोमध उभे राहून मला त्या इंग्रजीचं मराठी करून सांगत होते, की ज्यूरीनं काही ठरवलं तरी मी निर्दोषच आहे. घरी येताना सगळा खटला सांगितला. १९०८ साल. ज्यूरीत नऊ जण, सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला केसरीतल्या मराठी लेखांवर आणि ज्यूरीच्या हातात इंग्रजी भाषांतरं. या शब्दाचा अर्थ तो नव्हे, त्या शब्दाचा हा नव्हे, हे समजावण्यात टिळकांचा केवढा वेळ गेला. शेवटी सात विरुद्ध दोन. सहा वर्षं मंडाले.

लहानपणी त्या सातांचा मला राग राग यायचा. समन्स आल्यापासून वाटतं, त्या सातांतला एक मी असेन. पिंजऱ्यात कुणाचा तरी पोरगा उभा असेल, साक्षीदार खाली मान घालून काहीतरी पुटपुटेल, आणि मी आपला "बरं बरं, छान".

मेधा, शुक्रवारी शेवटी तू 'बुधवारी' म्हणालीस, एवढं नक्की. त्याच्या पुढचा शब्द.

मी दोन दिवस तो शब्द लावून बघतोय. 'आठ' असेल. बुधवारी आठ वाजता कुठं तरी जायचं असेल. 'पाठ' असेल, तुझी पाठ त्या ऑफिसच्या खुर्चीनं धरतेच. 'गाठ' असेल तर कुणाची तरी गाठ घ्यायची असेल. ईराच्या शाळेत बाईंची गाठ घेत असतेसच. पण हल्ली गाठ घ्यायची असं कोण म्हणतं? भेटायचं म्हणतात. आपल्या घरात तरी विमलआत्यानंतर तो शब्द कुणी सहज काढत नाही.

असो. 'आठ'च असेल.

कानाचं मशीन इथं फुकट मिळतं, मलाही मिळालंय. चार वर्षं झाली. ड्रॉवरमध्ये आहे, नारिंगी पट्टीच्या बॅटऱ्यांसकट. ते देणाऱ्या मुलीनं कागदावर एक आलेख काढून दाखवला होता: डावीकडे रेघ बरी, उजवीकडे घसरगुंडी. म्हणाली, तुम्हाला आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, कारण बारीक, वरच्या पट्टीतले आवाज गेलेत. म्हणजे स्वर पोचतात, व्यंजनं वाटेत गळतात. 'आ' मला येतोय गं. त्याच्या आधी काय होतं ते येत नाही.

आणि हा कान कसला होता म्हणून सांगू! वडाळ्याच्या डेपोत उस्तादांनी शिकवलं होतं: लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. एकेक बेअरिंग वेगळं बोलतं. इकडं आल्यावर रूटमास्टर बसच्या इंजिनावर मी तेच केलं तर गोरी पोरं हसली. पुढं तीच पोरं हाक मारायला यायची, "जो, जरा ऐकून सांग." जोशीचा जो. रिटायर झालो तेव्हा त्यांनी मला एक स्क्रूड्रायव्हर भेट दिला, मुठीवर नाव कोरून. तो भिंतीवर आहे, तू पाहिलायस.

तुझंसुद्धा ऐकलंय मी असं. तुला दादरला आजीजवळ ठेवलं होतं तेव्हाची गोष्ट. खालच्या कुलकर्ण्यांकडे ट्रंककॉल लावायचा, तीन मिनिटं. आजी म्हणायची, बोल बाबांशी, आणि तू बोलायची नाहीस. एक शब्द नाही. पैसे चाललेत म्हणून आई इकडं कासावीस व्हायची आणि मी मुकाट्यानं रिसीव्हर कानाला दाबून उभा. तुझा श्वास ऐकू यायचा. मागं कुकरची शिट्टी. एकदा मी आजीला सांगितलं, हिला सर्दी झालीय, छाती भरलीय, डॉक्टरांना दाखवा. तुम्हाला लंडनहून कसं कळलं म्हणून आजी थक्क. न्यायला हवं होतं तुला आधीच. तेव्हा जमलं नाही. हे तुला पूर्वीही सांगितलंय आणि तू दर वेळी "जाऊ दे हो बाबा" म्हणतेस, आणि ते 'जाऊ दे' मला नीट ऐकू येतं.

आता ऐक. काहीही असलं तरी दाखवायला उशीर करू नये. बायका घरातल्या सगळ्यांचं करतात आणि स्वतःचं मार्चएंडनंतर, दिवाळीनंतर, ईराच्या परीक्षेनंतर असं करत ढकलतात. विमलनं तेच केलं. एका डॉक्टरवर थांबू नये, दुसऱ्यालाही विचारावं. रिपोर्टांची फाइल एकाच जागी ठेवावी. पॉलिसीचे कागद विनयला माहीत असावेत. एकटीनं जाऊ नये. गाडी तू चालवू नकोस त्या दिवशी, आणि रिक्षानंही नको, विनयला सुट्टी घ्यायला सांग, त्याचं ऑफिस एका दिवसानं बुडत नाही.

माफ कर. चार वर्षं मशीन ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्यानं तुला वेळच्या वेळी दाखव म्हणायचं म्हणजे कमालच. शिवाय ते 'आठ'सुद्धा असू शकतं.

आणखी एक आहे, ते आईला सांगू नकोस. समन्सच्या उत्तरात विचारतात, तुम्हाला काही अडचण आहे का, काही मदत लागेल का. मी 'नाही' लिहिलं. म्हणजे तू फोनवर जे करायला सांगत होतीस त्याच्या बरोबर उलटं मी आधीच करून बसलो होतो, म्हणून एवढा चिडलो.

तिथं शपथ घ्यावी लागते. पंधराएक जणांना आत नेतात, चिठ्ठ्यांतून बारा नावं काढतात, मग एकेकानं उभं राहून. हिंदूंना गीता देतात, नको असेल तर नुसतं प्रतिज्ञेवर चालतं. आई म्हणाली, गीताच घ्या, अहो त्या कोर्टापायीच तर टिळकांनी गीतारहस्य लिहिलं. बाईचं डोकं कसं चालतं बघ! पण गीतेवर हात ठेवून पुरावा ऐकून निकाल देईन म्हणायचं, आणि ऐकूच आलं नाही तर? बाराजणांचं एकमत व्हावं लागतं. फार वेळ झाला तर न्यायाधीश दहा-दोनवर येऊ देतात. म्हणजे एकट्या माझ्यामुळे कदाचित काही बिघडणार नाही. पण अण्णांनी नेमकं त्या एकाचंच विचारलं असतं.

तेव्हा ठरवलंय असं. सकाळी गेल्या गेल्या तिथल्या माणसाला सांगायचं की फॉर्मवर खोटं लिहिलं, कान अधू आहेत. कानाला लावायचं काही साधन त्यांच्याकडे असतं म्हणतात. देतील, किंवा घरी पाठवतील. घरी पाठवलं तर आईला कोथिंबीर आणीन.

ठेवून घेतलं तर खटल्याचं मला काही विचारू नकोस. आत काय बोलणं झालं ते बाहेर सांगणं इथं गुन्हा आहे, तुरुंग होतो, आणि तो खटला संपल्यावरही कायमचाच. गुगलवर शोधायचंसुद्धा नाही. तू विषय काढशील आणि मी गप्प बसेन, तेव्हा रागावलोय असं समजू नकोस.

आत्ता मशीन घालून बसलोय. नवी बॅटरी टाकली. फ्रिज केवढा बडबडतो! आणि आई झोपेत काहीतरी पुटपुटते, हे चार वर्षांत मला माहीतच नव्हतं. तुला लिहितोय त्या पत्राचा कागदसुद्धा वाजतो.

टपालानं हे पोचेपर्यंत बुधवार उलटून जाईल, म्हणून फोटो काढून पाठवतो. आईच्या फोनवरून नाही, माझ्याच.

फोन करू नकोस. तो एक शब्द लिहून पाठव. डोळे अजून चांगले आहेत. मी सहाला उठेन, तेव्हा तुझ्याकडे साडेदहा वाजून गेलेले असतील, म्हणजे लिहायला तुला वेळ मिळेल. साडेसातला निघतो.

बाबा