उपवासकाळात पैशांबरोबर वेळही द्यावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

राखेच्या बुधवारी ख्रिस्ती समाजाचा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होतो. वसई परिसरातील आम्हा कॅथलिकांच्या घरांत त्याच्या आधीपासूनच यंदा मटण-मासळी सोडायची, मद्य सोडायचे की संध्याकाळची मालिका, याची बोलणी सुरू होतात. त्यातून वाचलेले पैसे गोरगरिबांसाठी चर्चमध्ये जमा करण्याची पद्धत चांगलीच आहे. मात्र पैसे दिले की आपले कर्तव्य संपले, असा जो समज आमच्यात रुजला आहे, तो बायबलला धरून नाही, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानातील २५व्या अध्यायात प्रभू येशू अखेरच्या न्यायाविषयी बोलतात. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा आणि उघड्याला वस्त्र यांचा उल्लेख तेथे येतो. पण आजारी आणि तुरुंगात असलेल्या माणसापाशी आल्यावर अपेक्षा बदलते. आजाऱ्याला बरे केले का, बंदिवानाला सोडवले का, असे प्रभू विचारत नाहीत. तुम्ही त्याच्याकडे गेलात का, एवढेच विचारतात. म्हणजे जेथे आपल्या हातून काही होण्यासारखे नाही, तेथेही जाणे आपल्याला चुकत नाही, आणि हे जाणे देणगीची पावती फाडून उरकता येत नाही.

विरार लोकलमध्ये रोज जाऊन-येऊन तीन-चार तास घालवणारा माणूस विचारील, की वेळ आणायचा कोठून? प्रश्न रास्त आहे. परंतु मार्कच्या शुभवर्तमानातील ५व्या अध्यायात येशूलाही घाई होतीच. याईर नावाच्या गृहस्थाची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात होती आणि येशू तिच्याच घरी निघाले होते. वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीने गर्दीतून त्यांच्या वस्त्राला स्पर्श केला व ती तत्काळ बरी झाली. खरे तर काम तेथेच झाले होते. तरीही येशू थांबले, तिला शोधले आणि तिची सारी हकिकत ऐकून घेतली. बारा वर्षांचे दुखणे दोन वाक्यांत सांगून होत नाही. शेजारी उभ्या असलेल्या याईरच्या जिवाची काय तगमग झाली असेल, याची कल्पना कोणत्याही बापाला करता येईल.

आज अशा थांबण्याची सर्वांत मोठी गरज अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी आहे. मुले आखातात किंवा कॅनडात आणि येथे आईवडिलांपाशी एकच सून, लेक किंवा वृद्ध जोडीदार, अशी घरे प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, आहेत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी ख्रिस्तप्रसाद (चर्चमधील उपासनेतली पवित्र भाकर) येतो, हा मोठा आधार असतो. पण आणणाऱ्याला पुढची घरे गाठायची असतात आणि त्याच्यासाठी ठेवलेला चहा तसाच राहतो. शुश्रूषा करणाऱ्या बाईची तर कोणी विचारपूसही करीत नाही. तिला रविवारची मिस्सा (चर्चमधील उपासना), बँकेतले काम, स्वतःची दातदुखी, सगळेच पुढे ढकलावे लागते. आठवड्यातून दोन तास कोणी रुग्णापाशी बसले, त्याला आपले वर्तमानपत्र वाचून दाखवले, तर तिला उंबरठा ओलांडता येईल. याला ना निधी लागतो ना समिती. (रुग्णालयात एका केळ्याला पाच हात लावून छायाचित्र काढून घेणाऱ्यांची आमच्यातही वाण नाही, त्यांनी या कामी यावे, पण कॅमेरा घरी ठेवून.)

हे काही नवे नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने काही मित्रांसह जी संस्था उभी केली, तीच आज आपल्या अनेक चर्चमध्ये व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून काम करते. गरिबाला मदत पोहोचवायची ती त्याच्या घरी स्वतः जाऊन, हा तिचा पहिल्यापासूनचा शिरस्ता आहे. पुढे प्राध्यापकी, संसार आणि नाजूक प्रकृती सांभाळून ओझानाम हे काम करीत राहिले आणि १८५३ मध्ये अवघ्या चाळिसाव्या वर्षी वारले. निवृत्तीनंतर समाजसेवा करू, असे म्हणणाऱ्यांनी हे वय लक्षात घ्यावे.

म्हणून धर्मगुरूंना आणि पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे धर्मग्राम समितीच्या, सदस्यांना विनंती आहे, की उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक वाडीतील अशा घरांची, त्या घरांच्या संमतीने, यादी करावी आणि दोन-दोन तासांसाठी माणसे मागावीत. त्यात पुरुषांची आणि महाविद्यालयीन मुलांची नावे आग्रहाने घ्यावीत. अन्यथा एका घरच्या सुनेला सोडवण्यासाठी दुसऱ्या घरची सून तेवढी जुंपली जाईल.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, वसई