लपवू नकोस, एवढंच

प्रिय जोएल,

काल फोनवर तू "सगळं ठीक आहे" म्हणालास आणि ठेवून दिलास. तुझ्या मम्मीला तेवढं पुरतं, मला पुरत नाही. म्हणून लिहायला बसलोय. निघायच्या आदल्या रात्री तू जे बोललास तो विषय काढायचा नाही, असं मी ठरवलंय. तुझ्या बहिणीने, विल्मानेही बजावलंय.

आधी कामाचं. सकाळी उठल्यावर आणि रात्री आडवं होताना दांडीचा आरसा धरून पाठ, कुल्ले, टाचा बघतोस ना? लाल डाग दिसला तर अंगठ्याने दाबून बघायचा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. लालच राहिला, तर तो विरेपर्यंत त्या भागावर भार द्यायचा नाही, मग ऑफिसात काहीही चालू असो. चाकाच्या खुर्चीत असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. तुला तिथे संवेदना नाही, दुखत नाही, धोका तोच आहे. वर नखाएवढा डाग आणि आत हाडापर्यंत जखम, हे तू माझ्याहून चांगलं जाणतोस.

तरीही लिहितोय, कारण जखम झाली तर ती बरी करता येईल, पण ती तू सांगशील याची मला खात्री वाटत नाही. आपण घरच्यांवर ओझं आहोत असं ज्याच्या डोक्यात बसलं, तो दुखलंखुपलं कशाला सांगेल?

बघ, आलाच विषय. "मी तेव्हाच गेलो असतो तर तुम्ही तरी सुटला असता." हे वाक्य तू जेवता जेवता म्हणालास, मीठ मागावं तसं. मम्मी उठून आत गेली. मला काही सुचलं नाही, आता सुचतंय ते लिहितो.

तू इस्पितळातून घरी आल्यावर रात्रीत दर दोन तासांनी तुझी कूस बदलावी लागायची. मम्मी आणि मी पाळीपाळीने गजर लावायचो. तुला त्यातलं आमचं जागरण आठवत असेल. मला आठवतं ते वेगळंच. तू दहावीत गेल्यापासून माझ्याशी धड चार वाक्यं बोलत नव्हतास. त्या रात्रींत बोलायला लागलास. पहाटे कधीतरी औषधाच्या बाटल्या टेबलावर मांडून तू मला फुटबॉलमधला ऑफसाइड समजावलास. खोकल्याच्या औषधाची बाटली गोलकीपर होती. मला तो आजही नीट कळलेला नाही, पण त्या बाटल्यांच्या जागा पाठ आहेत. तेव्हा कोणी मला "सुटलास" म्हटलं असतं, तर कशातून ते मला उमगलं नसतं.

माणसाची किंमत त्याच्या उपयोगावरून ठरवायची, ही गोष्ट एकदा मान्य केली की ती कुठे जाऊन थांबते हे जगाने पाहिलंय. जर्मनीत नाझींनी 1939 पासून अपंग आणि मनोरुग्ण माणसांना इस्पितळांतून उचलून ठार मारायला सुरुवात केली. दोन वर्षांत सत्तर हजारांवर माणसं गॅसने मारली. कारण काय, तर ती काही "उत्पादन" करत नाहीत. 3 ऑगस्ट 1941 ला म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी प्रवचनात विचारलं, की माणूस कामाचा असेल तोवरच त्याला जगायचा हक्क असेल, तर उद्या आपण म्हातारे झाल्यावर आपलं काय? हातपाय गमावून परतणाऱ्या सैनिकांचं काय? त्या प्रवचनाच्या नकला लोकांनी चोरून वाटल्या. त्याच महिन्यात हिटलरला ती मोहीम उघडपणे थांबवावी लागली. लपूनछपून हत्या पुढेही चालू राहिल्या, हेही खरं. जोएल, तू स्वतःबद्दल जे म्हणालास ते त्याच मोजमापाने म्हणालास. तू स्वतःला त्या तराजूत घालावंस हे मला सहन होत नाही.

प्रवचन झालं. माफ कर. तू कागद बाजूला ठेवला असशील तर परत उचल.

मोठी उदाहरणं मलाही द्यावीशी वाटतात. अकराव्या शतकातला जर्मनीतल्या रायशेनाऊ मठातला साधू हेरमान, ज्याला स्वतःहून हलताही येत नव्हतं आणि ज्याचं बोलणंही नीट कळत नसे, त्याने खगोलशास्त्रावर, संगीतावर लिहिलं. पण त्याने काही लिहिलंच नसतं तर? आपली फिलू आत्या आयुष्यभर एक शब्द बोलली नाही. काही कमावलं नाही, शिकली नाही. तुझ्या आजोबांचा आवाज ऐकला की हसायची. चर्च जे सांगतं ते तिच्यासाठी आधी आहे आणि हेरमानसाठी नंतर. 2024 मध्ये मानवी प्रतिष्ठेवर व्हॅटिकनने जो दस्तऐवज काढला त्यातही हेच आहे, की ही प्रतिष्ठा क्षमतेवर अवलंबून नसते. फिलू आत्याला तो दस्तऐवज वाचता आला नसता, पण ती प्रतिष्ठा तिच्याकडे होती.

तू एकदा चिडून विचारलं होतंस, की मग चर्च म्हणतं का, यंत्रं लावून कसंही जगवा? नाही म्हणत. निष्फळ, अति जाचक उपचार नाकारायला मुभा आहे. उपचार ओझं होऊ शकतो. माणूस होत नाही.

आणि भेटायला येऊन "कोणाच्या पापाचं फळ" असं कुजबुजणाऱ्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभू येशूनेच एका जन्मांध माणसाबद्दल उत्तर दिलंय: ह्याचंही नाही, आईबापांचंही नाही. मी त्या दिवसांत ते पान पुन्हा पुन्हा काढायचो. स्वतःसाठीच.

मला त्याहून जवळचा वाटतो विसावा अध्याय. प्रभू पुन्हा उठला तरी त्याच्या हातांवरचे, कुशीवरचे घाव तसेच होते. मरणावर मात करणाऱ्याला ते पुसता आले नसते का? त्याने ते झाकलेही नाहीत. विश्वास न ठेवणाऱ्या शिष्याला, थोमाला म्हणाला, हात घालून बघ. बाळा, तूही दाखव. मला दाखवायची लाज वाटत असेल तर विल्माला फोटो पाठव. पण दाखव.

मला तुझा अभिमान आहे हे मी बोलून दाखवत नाही. खुर्चीतून पलंगावर तू पहिल्यांदा एकटा सरकलास, तेव्हा मी दाराआड उभा होतो. तुला धरायला धावायचं नाही म्हणून चौकट घट्ट पकडली होती.

एक निरोप राहिला. विल्माला बाळाच्या बाप्तिस्म्याला गॉडफादर तूच हवा आहेस. विचारायचं काम तिने माझ्यावर टाकलंय. दयेपोटी विचारत नाहीये, तिला ओळखतोस. मी फादरांना विचारून घेतलं: सोळा वर्षं पूर्ण हवीत, दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) संस्कार झालेला हवा, जगणं श्रद्धेला धरून हवं. चालता यायला हवं असं कुठेही नाही. बाळाला मांडीवर घेताना ब्रेक आधी लावायचे, हे मात्र लक्षात ठेव. फादरांकडे नाव द्यायचंय, तेव्हा होय की नाही ते तिला या आठवड्यातच कळव.

तुझा,
पप्पा