अपराजितांची हजेरी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडापानावर आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबवर लेख आला होता. २००३-०४ चा अख्खा मोसम हा संघ एकही सामना हरला नाही. ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी. आकडे चोख आहेत. पण ‘इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये असं पहिल्यांदाच घडलं’ हे वाक्य चूक आहे आणि त्यावरून आमच्या घरात भांडण जुंपलं. नातू कट्टर आर्सेनलवाला. मी म्हटलं, अरे, हे प्रेस्टननं ११५ वर्षं आधी करून ठेवलंय. तो तुमचं पान घेऊन आला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “आजोबा, पेपरात छापलंय.” यावर काय बोलणार?

दुरुस्ती तुम्ही छापालच. पण कोपऱ्यातल्या चौकटीत दोन ओळी टाकून मोकळं होऊ नका, एवढ्यासाठी हे पत्र.

प्रेस्टन म्हणजे लँकेशायरमधलं कापड गिरण्यांचं गाव. तिथला क्लब प्रेस्टन नॉर्थ एंड, मैदान डीपडेल. फुटबॉल लीग सुरू झाली ती १८८८ मध्ये, बारा क्लबांची. ८ सप्टेंबरला प्रेस्टननं डीपडेलवर बर्नलीला ५-२ असं हरवलं आणि तिथून हा संघ जो सुटला तो थांबलाच नाही. २२ सामने, १८ विजय, ४ बरोबरी, हार शून्य. ७४ गोल केले, १५ खाल्ले. गुण ४०; दुसऱ्या नंबरावरच्या अ‍ॅस्टन व्हिलाचे २९. वर एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धाही जिंकली, आणि ती तर पाच सामन्यांत एकही गोल न खाता! अंतिम सामना ३० मार्च १८८९ ला लंडनच्या ओव्हलवर झाला, वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सला ३-० नं लोळवलं. हो, तेच ओव्हल, जिथे १९७१ मध्ये आपल्या अजित वाडेकरांच्या संघानं इंग्लंडला हरवलं. प्रेस्टनच्या त्या काळात गोलला जाळी नव्हती आणि पेनल्टी किक नावाचा प्रकारच नव्हता. दोन्ही नंतर आलं.

आता नावं. मी परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होतो, १९६६ पासून ८२ च्या संपापर्यंत. रोज सकाळी सातच्या भोंग्याला मस्टर उघडायचं, तिकीट नंबर आणि नाव. नावाशिवाय नुसता आकडा मला अजूनही अर्धवट वाटतो. तेव्हा कपच्या अंतिम सामन्यातली ही अकरा जणांची हजेरी: गोलकीपर रॉबर्ट मिल्स-रॉबर्ट्स. बॅक बॉब हॉवर्थ आणि बॉब होम्स. मधल्या फळीत जॉर्ज ड्रमंड, डेव्हिड रसेल, जॉनी ग्रॅहम. पुढे जॅक गॉर्डन, जिमी रॉस, जॉन गुडॉल, फ्रेड ड्यूहर्स्ट, सॅम थॉम्पसन.

यातले मिल्स-रॉबर्ट्स वेल्सचे आणि पेशानं डॉक्टर. पुढे ते तिकडच्या पाटीच्या दगडाच्या खाणीतल्या इस्पितळात शस्त्रक्रिया करत. कपचे सामने त्यांचे, पण लीगचे बहुतेक सामने जिमी ट्रेनर या दुसऱ्या वेल्श गोलकीपरनं खेळले. त्याचं नाव या अकरात नाही म्हणून तो वगळला जातो, आमच्या बदली कामगारांसारखा. ड्यूहर्स्ट शाळामास्तर, पैसे न घेता खेळणारा. जॉन गुडॉल लंडनमध्ये जन्मला, आईबाप स्कॉटिश, खेळला इंग्लंडकडून. त्या मोसमात सर्वांत जास्त गोल त्याचे. आणि आर्थर व्हार्टन, अक्रा इथे जन्मलेला कृष्णवर्णीय गोलकीपर, १८८६-८७ च्या कप मोसमात प्रेस्टनच्या गोलात होता. लीग सुरू होण्याआधीच तो गेला, म्हणून हजेरीत नाही. तरी माझ्या मस्टरच्या समासात त्याचं नाव मी लिहून ठेवतो.

उरलेले बरेचसे स्कॉटलंडहून आणलेले. आणले कोणी? विल्यम सडेल यांनी. हे गृहस्थ गिरणीचे मॅनेजर, आणि क्लबचा सगळा कारभारही त्यांच्याच हातात. तेव्हा खेळाचे पैसे घेणं नियमात बसत नव्हतं. मग गावात नोकरी द्यायची, पगार तिथला आणि काम डीपडेलवर. १८८४ मध्ये लंडनच्या अप्टन पार्क क्लबनं तक्रार केली. सडेल यांनी बिनदिक्कत कबूल केलं, आम्ही पैसे देतो. प्रेस्टन कपमधून बाद झालं, पण गवगवा इतका झाला की पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, फुटबॉल असोसिएशनला धंदेवाईक खेळाडू मान्य करावे लागले.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आमच्याही मस्टरवर असे सहाजण होते. साळखात्यात नोंद, माग एकानंही कधी चालवला नाही. सातला कार्ड पंच करायचे, अकराला लेबर ऑफिसरची चिठ्ठी घेऊन यायचे आणि कबड्डीच्या सरावाला कामगार मैदानावर. हजेरी पूर्ण दिवसाची, ती मीच भरायचो. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यातल्या एकाला थांबवून विचारलं, कुठल्या खात्यात? तो म्हणाला, साळखात्यात. साहेबांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. साळखात्यातल्या माणसाच्या केसांत, भुवयांत कापसाची पिसं अडकलेली असतात. याचे केस तेल लावून चापून बसवलेले आणि दोन्ही गुडघ्यांना लाल माती. साहेब काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघून सही केली. संपानंतर तो संघ गेला, मैदान मात्र आहे.

सडेल यांचं प्रकरण मात्र एवढ्यावर निभावलं नाही. १८९५ मध्ये त्यांच्यावर गिरणीच्या पैशांची अफरातफर आणि खोटे हिशेब लिहिल्याचा खटला चालला, तीन वर्षांची शिक्षा झाली. रक्कम पाच हजार पौंडांच्या वर. पुढे ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथे वर्तमानपत्रात खेळांवर लिहू लागले. म्हणजे शेवटी तुमच्याच धंद्यात आले. त्याच १८९५ मध्ये ड्यूहर्स्ट मास्तर वारले, वय जेमतेम तिशीचं. ट्रेनरनं शेवटचे दिवस लंडनमध्ये हलाखीत काढले. बॉब होम्स १९५५ पर्यंत जगले. प्रेस्टननं १८८९-९० ची लीगही जिंकली, त्यानंतर आजतागायत एकदाही नाही.

आणखी एक, टाइम ऑफिसवाल्याचा मुद्दा. हे सामने बघायला माणसं आली कुठून? इंग्लंडच्या गिरण्यांना १८५० च्या कायद्यानं शनिवारी दुपारी दोनला काम थांबवणं भाग पडलं. फुटबॉलचा सामना शनिवारी दुपारी, तो त्यामुळेच. आमच्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १० जून १८९० ला. प्रेस्टनचा कामगार हा विक्रम स्वतःच्या डोळ्यांनी बघत होता तेव्हा लालबाग-परळच्या माणसाला आठवड्याची हक्काची सुट्टीसुद्धा नव्हती. क्रीडापानावर हे कशाला, असं तुमच्या उपसंपादकांना वाटेल. वाटू दे.

नातवाशी तडजोड झाली आहे. आर्सेनलनं ३८ सामने खेळले, प्रेस्टननं २२, तेव्हा आर्सेनलचं काम अवघड, हे मी मान्य केलं. पहिलं कोण, हे त्यानं मान्य केलेलं नाही; पेपरात छापून आलं तर करीन म्हणतो.

जागा कमी पडली तर माझी गिरणी कापा, ओव्हल कापा. अकरा नावं आणि बारावा ट्रेनर तेवढे राहू द्या.

आपला नम्र,
एक निवृत्त टाइमकीपर,
काळाचौकी, मुंबई